भिंतीवर ताळेबंद रंगवला, तूटही दिसली. पण त्यात माझा वाटा किती?

माथ्यावरचा
राम राम मंडळी. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, माथ्याकडचं. नदी लांब, कालवा नाही, जे काय आहे ते विहीर आणि बोअर. अटल भूजल योजनेत गाव होतं तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगवलेला आहे. यंदा दसऱ्यानंतर आकडे नवे घातले. शिवार १००० हेक्टर, लोकसंख्या २०००. भूजलात जमा १२०० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). खर्च असा: ऊस (४० हेक्टर) ८००, सोयाबीन-तूर ३५०, हरभरा-गहू-भाजीपाला ३००, पिण्याला ४०, जनावरांना १०. एकूण १५००. तूट ३००.

ग्रामसभेत ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं, लोकांनी माना डोलावल्या, चहा झाला. पुढच्याच आठवड्यात गावात दोन नव्या बोअर पडल्या.

माझा प्रश्न साधा आहे. तूट गावाची म्हणून सांगितली की ती कुणाचीच नसते. कालव्यावर पाणी वापर संस्थेला मोजून कोटा मिळतो. मग भूजलात गटनंबरवार वाटा लिहून का ठेवता येऊ नये? कुठं असं आहे का? हिशेब कसा ठेवतात? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.

टपोरा सोयाबीन
आमच्याही भिंतीवर आहे. त्याच्यावर आता जिल्हा परिषदेच्या उमेदवाराचं पोस्टर चिकटलंय. तूट झाकली गेली, गाव पाणीदार झालं. 😄

गाडीवाला बीड
दोन बोअर पडल्या म्हणता, किती फुटाला पाणी लागलं ते सांगा की. सध्या आमच्या गाडीला तुमच्याकडं सहाशे-सातशेच्या खाली काम नाही. वरचं सगळं कोरडं, नुसती डस्ट उडते. खाली कुठं भेग घावली तर इंच-दीड इंच.

माथ्यावरचा
@गाडीवाला एक साडेसहाशेला इंचभर. दुसरी हुकली. पाणाड्याचा नारळ मात्र दोन्हीकडं उभा राहिला होता.

काळा कोट
कायद्याचं सांगतो, मग पुढची चर्चा सोपी जाईल.

१८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून समजूत अशी चालत आली की जमीन ज्याची, तिच्या खालचं पाणी त्याचं. ठरलेल्या प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरायचा हक्क मालकाला. किती, याला मर्यादा नाही. तुमचा ताळेबंद इथंच अडतो.

राज्यात १९९३ चा कायदा आला तो पिण्याच्या पाण्यापुरता, सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको वगैरे. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९, जो १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे, अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समिती आणि भूजल वापराची योजना आहे. राज्य भूजल प्राधिकरण म्हणून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणालाच जबाबदारी दिली आहे. २०१८ ला नियमांचा मसुदा आला, हरकती मागवल्या. पण गट नंबर अमुक, वाटा तमुक घनमीटर असा कागद तुम्हाला आज कुठल्याच टेबलावर मिळणार नाही.

कालव्याचं वेगळं. तिथं २००५ चे दोन कायदे आहेत, एक प्राधिकरणाचा आणि एक शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. संस्थेला घनमापन पद्धतीनं पाणी, हक्क ठरलेला. भूजलात ती पायरी अजून चढलेली नाही.

गाडीवाला बीड
६० मीटर म्हणजे दोनशे फूट. वकीलसाहेब, दोनशे फुटाला थांबलो तर मला डिझेलचे पैसे पण निघायचे नाहीत. शेतकरीच थांबू देत नाही. "अजून एक रॉड टाक" हे वाक्य मी झोपेत पण ऐकतो.

बांधावरचा
आता आला का वाटा! आज वाटा लिहायचा, उद्या त्यावर मीटर, परवा पाणीपट्टी. सरकारला आकडा दिला की तो आपल्याच अंगावर येतो. ई-पीक पाहणीत सिंचनाचं साधन भरायचं असतं, आमच्याकडं निम्म्या लोकांनी बोअर दाखवलीच नाही. कशाला दाखवतील? कंपन्यांकडून आधी हिशेब घ्या.

काळा कोट
@बांधावरचा कंपन्यांकडून घेतात. २०२० च्या केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उद्योगाला ना हरकत लागते, मीटर लागतं, उपशाचे पैसे लागतात. शेतीला आणि घरगुती वापराला सूट आहे. म्हणजे परवान्याचं पाणी मोजलं जातं आणि बिनपरवान्याचं, जे कितीतरी जास्त आहे, ते अंदाजानं धरलं जातं. पाळतात किती हा वेगळा धागा होईल.

निवृत्त भूजलवाला
माथ्यावरचा, तुमच्या भिंतीवरचे आकडे वाचले. नोकरीत असले बरेच तक्ते तपासलेत, म्हणून लिहितो. रागावू नका.

जमा बाजू. १२०० कसे आले ते मला न विचारता सांगता येतं. हजार हेक्टर गुणिले पाणीपातळीतली वाढ ६ मीटर गुणिले २ टक्के. २ टक्के बरोबर आहे, आपल्या बेसाल्टमध्ये खडकाच्या शंभर घनमीटर आकारमानातून दोनेक घनमीटर पाणी हाती लागतं, फार तर तीन. घोळ ६ मीटरमध्ये आहे. मोजायला घेतलेल्या विहिरी सगळ्या ओढ्याकाठच्या असणार. तिथं पाणी चढतंच. तोच चढ माथ्यावरच्या मुरमाड रानाला लावला की जमा फुगते. माथा, उतार, पायथा अशा तिन्हीकडच्या विहिरी धरून सरासरी काढा, ती तीन मीटरच्या वर जाणार नाही असं माझं अनुभवाचं मत. म्हणजे ६०० टीसीएम.

दुसऱ्या वाटेनं पडताळा. पाऊस ७०० मिमी धरला तर हजार हेक्टरवर ७००० टीसीएम पडला. झिजलेल्या बेसाल्टमध्ये त्याचे साधारण ७ टक्के मुरतात असं भूजल अंदाज समितीचं प्रमाण आहे, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) आणि भेगाळ खडक असेल तर १३ पर्यंत. ७ टक्क्यांनी ४९० येतात. दोन पद्धतींत शंभरेकचा फरक चालतो. दुपटीचा चालत नाही.

खर्च बाजू. सोयाबीन-तुरीचे ३५० खोडून टाका. ते पीक पावसावर आणि जमिनीच्या ओलीवर आलं, ते पाणी भूजलात जमाच नव्हतं, मग तिथून वजा कसं करता? उरला खर्च ११५०. जमा ६००. तूट ५५०, तीनशे नव्हे.

हे साडेपाचशे आले कुठून, हे कुणीतरी विचारेलच. थोडं असं की उसाला हेक्टरी २० टीसीएम धरलंय तेवढं त्याला मिळतच नाही, फेब्रुवारीनंतर तो तहानलेलाच उभा असतो. थोडं पाटपाण्यातून परत झिरपतं. आणि उरलेलं गाडीवाल्यांच्या रॉडनं सहाशे फुटांवरून येतं. त्या खालच्या पाण्याची भरपाई एका पावसात होत नाही.

टपोरा सोयाबीन
म्हणजे भिंत परत रंगवावी लागणार. रंगाचा ठेका कुणाला?

सुमनताई
साहेब, एक विचारते. पिण्याला ४० टीसीएम आणि उसाला हेक्टरी २० म्हणता. म्हणजे दोन हेक्टर, पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी सारखंच?

निवृत्त भूजलवाला
@सुमनताई बरोबर. माणशी रोज ५५ लिटर गुणिले २००० माणसं गुणिले ३६५ दिवस. ४० टीसीएम. पाच एकर ऊस, तोही पाटानं भिजवलेला. ठिबकवर निम्म्याच्या आसपास येतो.

सुमनताई
मग वाटा लिहायचाच असेल तर पहिली ओळ तीच लिहा. आमच्या गावात एप्रिल आला की तहसीलचं पत्र येतं आणि कुणाची तरी विहीर अधिग्रहित होते, दिवसाला ठरलेल्या पैशांनी. गंमत अशी की ज्याच्या बोअरनं आमचा हातपंप आटवला त्याचीच विहीर दरवर्षी अधिग्रहित होते. पाणी आमचं, आणि पैसे त्याला. मी बचत गटाच्या बैठकीत बोलले तर म्हणे ताई, तुम्हाला हिशेब कळत नाही.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्या देशानं पाहिलं. त्याच उन्हाळ्यात बागा आणि ऊस कुठं कुठं हिरवे होते ते आम्ही पाहिलं.

बांधावरचा
ताई, ऊसवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. तूर सहा हजारानं गेली, सोयाबीन चार हजारानं गेलं की घर कशावर चालवायचं? उसाला कारखाना दर तरी बांधून देतो. आणि वीज बघा. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, सोलर पंप आला की दिवसभर फुकट. पाणी उपसायला सरकारच सांगतंय आणि ताळेबंद पण सरकारच रंगवतंय.

सुमनताई
ऊसवाल्याला नाही म्हणत दादा. पहिली ओळ पिण्याची लिहा एवढंच म्हणते. त्याच्या खाली उसाची लिहा की.

मेलबर्नकर नांदेडी
मूळचा नांदेडचा, सध्या ऑस्ट्रेलियात पाण्याच्याच खात्याशी संबंधित नोकरी. इथली पद्धत सांगतो, घ्यायची की नाही ते तुम्ही बघा.

इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. एक कायमचा हक्क, नोंदवहीत नावावर असतो, जमिनीच्या सातबाऱ्यासारखा. दुसरं त्या वर्षी प्रत्यक्ष किती पाणी मिळणार. पाण्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. धरणात किती आहे ते बघून जाहीर होतं की यंदा हक्काच्या अमुक टक्के. पाऊस झाला तर हंगामात टक्के वाढवतात. १०० मेगालिटरचा हक्क आणि ४० टक्के जाहीर झाले तर खात्यावर ४०. एक मेगालिटर म्हणजे दहा लाख लिटर, म्हणजेच आपला एक टीसीएम, त्यामुळं हिशेब जुळवायला सोपं. मिलेनियम दुष्काळ म्हणतात त्या काळात न्यू साऊथ वेल्सच्या मरे खोऱ्यात काही हक्कांना शून्य टक्के मिळाले होते. हक्क नावावर, पाणी शून्य.

भूजलातही तसंच. व्हिक्टोरियात एकेका भूजल क्षेत्राला वर्षाच्या उपशाची कमाल मर्यादा असते. ती भरली की नवा परवाना नाही, पाहिजे तर असलेल्याकडून विकत घ्या. व्यावसायिक शेतीच्या बोअरला मीटर. घरगुती आणि जनावरांच्या पाण्याला परवाना लागत नाही, पण ताळेबंदात ते अंदाजानं धरतात, सोडून देत नाहीत. हवामान खातं देशपातळीवर पाण्याचा वार्षिक ताळेबंद छापतं. त्यात हक्क किती, वाटप किती, वापर किती, पुढच्या वर्षात किती ओढलं, हे सगळे वेगवेगळे रकाने. मला आपल्या भिंतीवरच्या तक्त्यात ह्यांतला फक्त शेवटून दुसरा रकाना दिसतो, तोही अंदाजाचा.

बांधावरचा
आणि मग शेठ येऊन सगळे हक्क विकत घेतो. बरोबर ना?

मेलबर्नकर नांदेडी
@बांधावरचा ती तक्रार इथंही आहे. २००७ पासून उत्तर व्हिक्टोरियात पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा केला, त्यावर अजून भांडणं आहेत. जमीन न कसणारे गुंतवणूकदार पाणी धरून बसतात असं शेतकरी म्हणतात.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त कामाची. न्यू साऊथ वेल्समध्ये नामोईसारख्या खोऱ्यांत भूजलाचे परवाने आधी सढळ हातानं वाटले गेले, खाली आहे त्यापेक्षा जास्त. मग २००६ पासून पुढची दहा वर्षं ते टप्प्याटप्प्यानं कापले, भरपाई देऊन. ज्यानं परवाना घेऊन पाणी कधी उपसलंच नव्हतं, त्याचा जास्त कापला गेला. त्यावरून गावागावात वैर झालं. आधी हक्क वाटून मग मोजायला बसलात तर असं होतं.

आप्पा परांडेकर
वाचतोय कालपासून. ऑस्ट्रेलियाला कशाला जायचं?

आमच्या चुलत्या-आजोबांच्या वाटणीपत्रात स्पष्ट लिहिलंय: विहिरीत चार आणे हिस्सा, आठ दिवसांत दोन दिवस पाळी, मोटेची वाट सामाईक. असे कागद परांडा-भूम भागात घरोघरी सापडतील. चार भाऊ, सोळा आण्यांची विहीर. पाणी भरपूर तेव्हा दोन दिवस अखंड मोट चालायची. उन्हाळ्यात झरा बारीक झाला की सगळ्यांची पाळी सारखीच आखडायची, दोन दिवसांचा एक दिवस, पुढं सकाळ-संध्याकाळ. आणे तेवढेच, पाणी कमी. मेलबर्नकर म्हणतात ते टक्के हेच. कुणी परवाना काढला नव्हता. माझा दिवस संपला की दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा बैल हजर. त्याला घड्याळ लागत नव्हतं.

हे मोडलं कधी? इंजिन आलं तेव्हा वाकलं आणि बोअर आली तेव्हा मोडलं. विहीर सामाईक होती. बोअर ज्याची त्याची. चार आण्याच्या धन्यानं आपल्या बांधावर सहा इंचाचं भोक पाडलं आणि सोळा आण्यांचं पाणी खालून ओढलं. भाऊबंदकी कोर्टात गेली, पाणी तर गेलंच.

टपोरा सोयाबीन
आप्पा, कोर्टात तारीख पण पाळीनंच मिळते.

निवृत्त भूजलवाला
आप्पांनी मुद्द्यावर आणलं. वाटा आण्यात पाहिजे, घनमीटरमध्ये नव्हे. घनमीटर दरवर्षी दसऱ्याला ठरवायचे. ऑक्टोबरची पातळी हाती आली की त्या वर्षीची जमा कळते. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, त्याच तारखांना गावानं आपल्या विहिरी मोजाव्या.

आता माथ्यावरचा यांच्या गावाचंच गणित करून बघू. कमी जमा धरतो, ४९०. दहा टक्के ओढ्याला, निसर्गाला सोडा. राहिले ४४०. पिण्याचे ४० आधी बाजूला, ताईंनी सांगितलं तसं, पहिल्या ओळीत. राहिले ४००. कसती जमीन ८०० हेक्टर, म्हणजे दोन हजार एकर. एकरी २०० घनमीटर. एका एकरावर २०० घनमीटर म्हणजे ५० मिमी, हरभऱ्याला एक पाळी.

पंपाच्या भाषेत बघा. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदात भरत असेल तर पंप सेकंदाला ५ लिटर देतो, तासाला १८ घनमीटर. म्हणजे एकरामागं वर्षाला अकरा तास पंप. बस. दहा एकरवाल्याला ११० तास.

माथ्यावरचा
अकरा तास?? साहेब, आमच्याकडं लोक अकरा तास एका दिवसात चालवतात.

बांधावरचा
हे वाचून तर कुणीच सही करणार नाही.

शिवारफेरी
मी जलसुरक्षा आराखड्याच्या कामात धाराशिव-जालन्याकडं फिरत होतो. साहेबांचं गणित बरोबर आहे आणि लोकांना तेच पटत नाही. तूट ५५० टीसीएम सांगा, कुणाला काही वाटत नाही. एकरी अकरा तास सांगा, सभा उठते.

पण एक प्रश्न गणितात लपलाय. एकरी का वाटायचं? पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत केली तेव्हा वाटा जमिनीला नव्हता, माणसाला होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस बंद, आणि भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. इथं योगायोगानं एकर दोन हजार आणि माणसंही दोन हजार आहेत. माणशी वाटलं तरी २०० घनमीटरच. फक्त पाच माणसांच्या, वीस एकरवाल्या घराला ४ टीसीएमऐवजी १ मिळतो, आणि पाच माणसांच्या भूमिहीन घरालाही १. आकडा तोच, गाव वेगळं.

बांधावरचा
भूमिहीन पाणी घेऊन काय करणार? विकणार. म्हणजे शेवटी ऊसवालाच घेणार.

सुमनताई
विकू द्या की. आज फुकट घेता, उद्या आमच्या सालगड्याच्या बायकोला पैसे देऊन घ्याल. त्यात वाईट काय?

मोसंबीवाला जालना
सगळे ऊस-ऊस करतायत म्हणून आमचं सांगतो. बागायतदाराला बारा महिने पाणी लागतं, झाड एकदा वाळलं की दहा वर्षं गेली. आम्ही शेततळं केलं, तळाला प्लास्टिकचा कागद टाकला. आमच्याकडच्या कडवंची गावानं शेततळ्यांवरच द्राक्षं उभी केली, तिथं आधी पाणलोटाची कामं झाली होती हे पण तितकंच खरं. म्हणजे साठवण हा उपाय आहेच. वाट्यात बागेला वेगळी ओळ पाहिजे.

निवृत्त भूजलवाला
@मोसंबीवाला तळं ओघळीच्या पाण्यानं भरलं तर तुमचं म्हणणं मान्य. पण दिवाळीत विहिरीवरून पंप लावून कागदाचं तळं भरलं तर नवं पाणी साठवलं असं होत नाही. सगळ्यांच्या खात्यातून काढून आपल्या घरच्या पेटीत ठेवलं इतकंच. वर पेटी उघडी. पावसाळ्यानंतर जूनपर्यंत दीडेक मीटरचा थर नुसता उन्हात उडतो. तीस बाय तीसचं तळं असेल तर साडेतेराशे घनमीटर, म्हणजे वरच्या हिशेबानं पावणेसात एकरांचा वर्षाचा वाटा वाफ होऊन गेला. ताळेबंदात याला स्वतंत्र ओळ पाहिजे, आणि ती खर्चात.

मोसंबीवाला जालना
साहेब, बोचलं. पण बाग जगवायची कशी ते पण सांगा मग.

निवृत्त भूजलवाला
ठिबक, आच्छादन, आणि विहिरीला जेवढी तहान तेवढीच झाडं. तिसरं कुणी ऐकत नाही.

उमरग्याची लेक
मूळ प्रश्नाला धरून एक शंका. आम्ही वाटा लिहिला, पाळला. शेजारच्या गावानं नाही पाळला. खडकाला गावाची शीव कळत नाही. आमचा ओढा पुढं त्यांच्याकडं जातो, त्यांच्या दहा बोअरा आमच्या शिवेला चिकटून आहेत. आम्ही साठवायचं, त्यांनी उपसायचं?

काळा कोट
@उमरग्याची लेक म्हणूनच कायद्यात समिती गावाची नाही, पाणलोटाची धरली आहे. भूजल यंत्रणेनं राज्याचे १५३१ पाणलोट पाडलेत, मूल्यमापन त्यावरच होतं. उपसा ७० टक्क्यांच्या आत तर सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, पुढं अतिशोषित. तुमच्या गावाची स्वतःची टक्केवारी काहीही असो, शिक्का पाणलोटाचा बसतो. वरच्या आणि खालच्या माणसाचं भांडण गोदावरीतही तेच आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तिथं निदान धरणात मोजपट्टी आहे म्हणून भांडता तरी येतं.

उमरग्याची लेक
म्हणजे भांडायला सुद्धा मोजपट्टी लागते. ठीक.

टपोरा सोयाबीन
आमच्याकडं मोजपट्टी नसताना पण चांगलं भांडतात.

हिवाळी ज्वारी
विषय सोडून बोलतो, माफ करा. सोळा आण्यांवरून आठवलं. आमच्या गल्लीत एक म्हातारी पाऊस पण आण्यात सांगायची. यंदा बारा आणे पडला, आठ आणे पडला. हवामान खात्याच्या टक्क्यांपेक्षा लोकांना ते लवकर कळायचं. नव्या पोरांना आणे म्हणजे काय ते सांगावं लागतं.

आप्पा परांडेकर
आणेवारी अजून आहे बाबा, तीही पैशात झाली. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ धरायचे.

माथ्यावरचा
मंडळी, आठवडा झाला, धागा बराच लांबला. काय झालं ते सांगतो.

ग्रामसभेत हा विषय नेला नाही. नेला असता तर गेला असता. आमच्या खळ्याच्या ओढ्यावर सात खातेदार आहेत, सगळ्यांच्या विहिरी-बोअर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. एकाची मोटर चालू झाली की दुसऱ्याची फुसफुसते, त्यामुळं पाणी एकच आहे हे कुणाला समजावावं लागत नाही. सगळ्यांना रात्री घरी बोलावलं आणि साहेबांचं गणित फळ्यावर मांडलं. अकरा तासांना सगळे हसले. मग सकाळी प्रत्येकाच्या पंपाखाली ड्रम लावला. कुणाचा ४० सेकंदात, कुणाचा २५, धाकट्या काकांचा तर पावणेदोन मिनिटं. पंप पाच एचपीचा आणि धार करंगळीएवढी. ते म्हणाले, मला वाटलं सगळ्यांचं असंच येतं.

ठरलं ते असं. आणे जमिनीवर नाही आणि माणसांवरही नाही, निम्मे-निम्मे. त्यावर दोन तास वाद झाला, पण झालं. भूमिहीन कुणी या सातांत नाही, त्यामुळं ताईंचा आणि शिवारफेरीचा प्रश्न आमच्यापुरता टळला, सुटला नाही. मधल्या जुन्या विहिरीला दगडावर खुणा केल्या. दसऱ्याला, संक्रांतीला आणि पाडव्याला पातळी बघायची, त्यावर तास ठरवायचे. वही माझ्याकडं.

सहा जण तयार आहेत. सातव्याचा तीन एकर ऊस उभा आहे, तो म्हणतो हा तुटेपर्यंत मला धरू नका.

निवृत्त भूजलवाला
खोडवा ठेवायचा नाही एवढं त्याच्याकडून घ्या. उभा ऊस तुटू द्या.

मेलबर्नकर नांदेडी
तास कसे मोजणार? वीज बिलात युनिट दिसत नाहीत, आणि सोलरला तर बिलच नाही.

माथ्यावरचा
तेच विचारायचं होतं. पाण्याच्या मीटरचं बघितलं, गाळानं जाम होतं म्हणतात, आणि सात जणांचं बजेट पण नाही.

शिवारफेरी
स्टार्टरच्या पेटीत तास मोजायचं छोटं मीटर बसतं, मोटर चालू तेवढाच वेळ ते पुढं सरकतं. वायरमन बसवून देतो. पातळी खाली गेली की धार कमी होते, म्हणून ड्रम दर महिन्याला परत लावा, नाहीतर उन्हाळ्यातले तास जास्त पाणी दाखवतील. आणि वही एकट्याकडं ठेवू नका, महिन्याला फिरवा.

बांधावरचा
मी अजूनही म्हणतो, हा कागद तलाठ्याला दाखवू नका. तुमच्यात ठेवा.

सुमनताई
आणि पिण्याची पहिली ओळ?

माथ्यावरचा
@सुमनताई लिहिली. गावच्या टाकीची विहीर आमच्याच ओढ्यावर आहे. तिची पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली की सातही मोटरी बंद. हे एकट्या धाकट्या काकांनी आधी मान्य केलं, मग बाकीच्यांनी.

गाडीवाला बीड
सगळं छान झालं. फक्त त्या सातव्या भाऊला विचारा, परवाची गाडी कुणी सांगितलीय. तुमच्या भागातलं एक बुकिंग आहे माझ्याकडं, सातशे फुटाचं. नाव सांगत नाही.

माथ्यावरचा
नाव नको. गटनंबर सांगा.